हिप्परग्याच्या काठावरचे दोन बेडूक

पहिला मोठा पाऊस झाला की सोलापुरात वस्तीतल्या दिव्याखाली किडे जमतात आणि किड्यांमागे तळहाताएवढे खरबरीत बेडूक येतात. मुले दगड उचलतात, मोठी माणसे 'विषारी आहे' म्हणत झाडू घेतात. हा प्राणी नीट पाहावा म्हणून आम्ही तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावावर गेलो. यालाच एकरूख तलाव म्हणतात. तो १८७१ साली पुरा झाला.

काठावर मोठे बेडूक दोन जातींचे दिसले. एक हिरवट, ओल्या अंगाचा, लांब उडीचा. पाठीवर फिकट रेघ. पावसाच्या सुरुवातीला त्याचा नर पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. पाय परदेशी पाठवण्यासाठी याच जातीचे बेडूक आपल्याकडे फार मारले जात. १९८७ साली ती निर्यात बंद झाली.

दुसरा आपल्या दारातला. पुस्तकात याला भेक म्हणतात. कातडी कोरडी, अंगभर काळ्या टोकाच्या पुटकुळ्या, डोळ्यांवर काळसर हाडाच्या कडा, डोळ्यांमागे फुगीर गाठी. पाय आखूड, म्हणून उडीही छोटी. दिवसा दगडाखाली, बिळात, गटाराच्या कडेला बसतो. रात्री मुंग्या, वाळवी, भुंगे खातो. अंडी मात्र पाण्यातच, चिकट माळेसारखी घालतो.

त्या गाठींत विष असते हे खरे. पण ते स्वतःच्या बचावासाठी. कुत्र्याने तोंडात धरले तर उपयोगी पडते. हा बेडूक अंगावर धावून येत नाही. त्याला शिवल्याने चामखीळही येत नाही. हात लागला तर डोळे चोळू नयेत, साबणाने हात धुवावेत, इतकेच.

उसातले भुंगे खाईल म्हणून ऑस्ट्रेलियात १९३५ साली परदेशी भेक आणून सोडला. भुंगे हटले नाहीत, भेक मात्र पसरला आणि तिथल्या प्राण्यांच्या जिवावर उठला. आपल्या उसाच्या जिल्ह्यातला भेक तो नव्हे, हा इथलाच.

पावसाने ओढ दिली की काही ठिकाणी बेडकाचे लग्न लावतात, त्याला काठीला बांधून दारोदार फिरवतात. बेडकामुळे पाऊस येत नाही. पाऊस येतो म्हणून बेडूक बाहेर पडतो. मुलांना एवढे समजावून सांगा आणि त्यांच्या हातातला दगड खाली ठेवायला लावा.