२५ हर्ट्झचा हट्ट

बेस जितका खाली जाईल तितका चांगला, या मताचा मी कित्येक वर्षं कट्टर होतो. आता नाही. बेंगळुरूच्या बनशंकरीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मी स्वतः जोडलेल्या सबवूफरनं ते मत मोडलं. कागदावर तो २५ हर्ट्झपर्यंत पोचत होता. कानाला घुमारा म्हणून काही लागत नव्हता.

आम्ही कोल्हापूरकडचे. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढं उभं राहून छातीत जे हलायचं, त्यालाच मी बेस समजत आलो. पुढं बेंगळुरूला नोकरी लागली, सदर पत्रप्पा रोडच्या, म्हणजे इथल्या भाषेत एसपी रोडच्या, गल्ल्यांची चटक लागली आणि एक दहा इंची वूफर घरी आला. १८ मिलिमीटरचा प्लाय, फेव्हिकॉल, स्क्रू, आतून सिलिकॉन. पन्नास लिटरचा डबा आणि पोर्ट म्हणून चार इंची पीव्हीसी पाइप. २५ हर्ट्झसाठी पाइपची लांबी सुमारे ६७ सेंटिमीटर निघाली. डब्यात ती सरळ बसेना, म्हणून एल्बो लावून वळवली. त्या एल्बोचा मला कोण अभिमान!

आवाज आला तो पुळचट. मग शोधाशोध सुरू झाली. डबा गळतोय का हे पाहायला खालच्या आवाजाचा सूर लावून सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवली. धूर कुठंच थरथरला नाही. पेन्सिल सेलची अधिक बाजू वूफरच्या अधिक टर्मिनलला लावली. कोन बाहेर आला, म्हणजे जोडणी सुलट. बाकीच्या दोन स्पीकरांशी फेज जुळतोय का, हे ॲम्प्लिफायरवरचं बटण उलटसुलट करून पाहिलं. शेवटी वूफरचं तोंड वर करून कोनात चिमूटभर रवा टाकला आणि मोबाइलवरून एकेक सूर सोडत खाली गेलो. पोर्टच्या नेमक्या ट्यूनिंगला कोन सर्वांत कमी हलतो, कारण तिथं आवाजाचं काम पाइपमधली हवा करत असते. रवा २५ च्या आसपास निपचित पडला. हिशेब चोख होता. मागितलं तेच डबा देत होता, आणि खरी पंचाईत तीच होती.

हे प्रकरण मला नीट उमगलं ते चामराजपेटेत. तिथल्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानात श्री रामसेवा मंडळी १९३९ पासून रामनवमीचा संगीतोत्सव भरवते. तिथं पाहिलं, घटम वाजवणारा कलाकार मडक्याचं तोंड पोटाशी दाबतो, की नाद खोल होतो. तोंड मोकळं सोडलं की वर चढतो. पोर्टच्या डब्यात हेच चालतं. आतल्या हवेची स्प्रिंग, पाइपातल्या हवेचं वजन, आणि दोन्हींचा मिळून एक सूर. बेल लॅब्सच्या ॲल्बर्ट थुरासला १९३२ मध्ये अशा डब्याचं पेटंट मिळालं. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यानं १९६१ मध्ये त्याचं गणित बसवलं आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉलनं ते पुढं नेलं. आज कुठल्याही वूफरच्या कागदावर या दोघांच्या नावाचे आकडे असतात. पण पोर्ट मदत करतो ती त्या सुराच्या आसपासच. त्याच्या खाली आवाज एका सप्तकात २४ डेसिबलनं कोसळतो. मी मदत नेऊन ठेवली होती २५ ला, आणि ४० ते ६० चा भरीव पट्टा एकट्या कोनावर सोडला होता.

बाबा तेव्हा इथं आले होते. भीमसेनजींचं रेकॉर्डिंग लावलं. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "आरं, डग्गा कुठंय ह्यात? तुझं ते खोकं नुसतं वारा घालतंय." मला राग आला, पण रात्री आकडे मांडले. काळी एक म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ. त्या पट्टीतल्या तंबोऱ्याचा खर्ज ६९. बेस गिटारची सर्वांत जाड तारसुद्धा ४१ ला थांबते. पियानोची शेवटची पट्टी तेवढी २७.५ ला जाते, आणि पियानो मी ऐकतो तरी किती? वर हेही समजलं, की मोठ्या कार्यक्रमांतल्या सबवूफरांचं ट्यूनिंग बहुधा ३५ ते ४५ च्या दरम्यान असतं. म्हणजे मिरवणुकीत छातीत हललेलं तेही २५ नव्हतंच.

पाइप कापून ३१ सेंटिमीटर केला. एल्बो गेली, ट्यूनिंग ३५ वर आलं. खुर्चीही खोलीच्या मधोमध होती, ती मागं सरकवली. बारा फुटांच्या लांबीत पहिली उभी लहर सुमारे ४७ हर्ट्झला बनते, दहा फुटांच्या रुंदीत ५६ ला, आणि दोन्हींचा आवाज नेमका मध्यावर मरतो. बाबांना डग्गा सापडला.

एक गोष्ट मात्र पाइप कापूनही सुटत नाही. आवाज हळू ठेवला की बेस कानाला जास्तच कमी लागतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. खालच्या मजल्यावर माणसं राहतात, रात्री दहानंतर मी नॉब फार फिरवू शकत नाही. बंद भिंतींतून सर्वांत सहज पलीकडं जातो तो बेसच. तेव्हा रात्रीचा बेस थोडा अशक्त असणार, हे मी आता मान्य करून टाकलंय. पूर्वी यासाठी मी दुसरा ॲम्प्लिफायर शोधला असता.

सिनेमातली भूकंपाची दृश्यं आता मिळमिळीत वाटतात, हेही सांगून टाकतो. मत बदललं म्हणून हाव सुटली असं नाही. परवा सहज हिशेब केला: तोच ३१ सेंटिमीटरचा पाइप शंभर लिटरच्या डब्यात बसवला, की ट्यूनिंग पुन्हा २५ वर येतं. प्लाय कुठं ठेवायचा, एवढंच अडलंय.