छत्तीस लिटरची बॅग

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारची सकाळ, चहाचा दुसरा कप, आणि धाकट्या भावाचा फोन.

"दादा, पोरीसाठी लॅपटॉपची एक ब्याग पाहून दे ना. आधीची गेली कामातून."

आधीची ब्याग मीच पाठवली होती. ऑनलाइन घेतलेली, दिसायला झकास, आत नऊ कप्पे. कंपनीचं नाव घेत नाही. दुसऱ्या महिन्यात चेन गेली आणि सहाव्या महिन्यात पट्टा उसवला. पुण्यात माझ्याकडे तशीच ब्याग तीन वर्षं टिकली होती. पण माझी ब्याग घरातून कारमध्ये आणि कारमधून ऑफिसच्या खुर्चीखाली जायची. तिला ब्याग म्हणण्यापेक्षा पाळीव प्राणी म्हणा!

तर मंडळी, आमचं गाव मुकुटबन. यवतमाळ जिल्हा, झरी-जामणी तालुका, तेलंगणाच्या हद्दीजवळ. पुण्यात हे सांगितलं की लोक "हो का, हो का" म्हणतात आणि विषय बदलतात. आजूबाजूला कापूस, सोयाबीन आणि जमिनीखाली कोळसा. २०२२ पासून मोठा सिमेंट कारखानाही सुरू झालाय. पण पोरांना अकरावी-बारावीला जायचं तर अजूनही अनेकांची वाट वणीचीच. माझी पुतणी दोन वर्षं रोज एसटीनं वणीला गेली. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे भाड्याचं बरं झालं. पण अर्ध्या तिकिटात जागा मिळतेच असं नाही. निम्मा प्रवास उभ्यानं, ब्याग पोटावर घेऊन.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्यात दुकानात जाऊन "ही द्या" असं म्हणायची पद्धत नाही. आधी एक्सेल शीट उघडायचं. मी उघडलं आणि दोन्ही पक्षांकडून रिक्वायरमेंट घेतली. भाऊ म्हणाला, "लहान पाय. वीस-बावीस लिटर लय झाली. वणीलेच तं जाणं हाय." पुतणीला व्हॉट्सॲपवर विचारलं, तिचं उत्तर आलं, "मोठे बाबा, ३६ लिटरची पाहिजे. दोन मोठे कप्पे. बाकी काही नसलं तरी चालेल."

एकाच प्रोजेक्टची दोन टोकं. असं ऑफिसातही होतं. अशा वेळी शहाणा माणूस तिसरा प्रश्न विचारतो. मी विचारला नाही. म्हटलं पोरीला मोठी ब्याग आवडत असेल, आधी डेटा गोळा करू. "आधीच्या ब्यागचं वजन किती व्हायचं?" तिनं घरच्या कापसाच्या काट्याला ब्याग लटकवून फोटो पाठवला. सात किलो दोनशे ग्रॅम! पोरीचं वजन चव्वेचाळीस.

दफ्तराच्या ओझ्याची ओरड आपल्याकडे जुनी आहे. आर. के. नारायण राज्यसभेवर नेमले गेले, तेव्हा तिथे ते बोलले ते याच विषयावर. पुढे प्रा. यशपाल यांच्या समितीनं १९९३ मध्ये 'ओझ्याविना शिक्षण' असा अहवाल दिला. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये आदेश काढला की दफ्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको, आणि केंद्राच्या २०२० च्या धोरणातही तोच दहा टक्क्यांचा हिशेब. आमच्या पोरीला तो लावला तर चार किलो चारशे ग्रॅम. म्हणजे पावणेतीन किलो जास्त. आणि त्यातले सव्वादोन किलो मी दिलेल्या माझ्या जुन्या पंधरा इंची लॅपटॉपचे. चार्जर वेगळा. भेट देताना "घे बेटा, शिक!" म्हणून मी मोठा उदार झालो होतो. वजन माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग मात्र मी नीट अभ्यास केला. जे कळलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे, म्हणून सांगतो.

एक म्हणजे, लिटरच्या आकड्यावर फार विसंबू नका. मोजायची रीत कंपनीगणिक बदलते. स्वतःची पाठ मोजा. मानेच्या खालच्या हाडापासून कमरेपर्यंत दोरी धरायची आणि ती मोजपट्टीवर ठेवायची. ब्याग कमरेच्या फार खाली लोंबली की ओझं मागे ओढतं आणि माणूस पुढे वाकतो. पुतणीची पाठ भरली त्रेचाळीस सेंटिमीटर.

दुसरं, लॅपटॉपचा कप्पा पाठीला चिकटून हवा. जड वस्तू पाठीपासून जितकी लांब, तितकी ती खांद्याला जड लागते. शिवाय त्या कप्प्याचा तळ ब्यागच्या तळापासून दोन बोटं वर हवा. नाहीतर एसटीच्या पत्र्यावर ब्याग टेकवली की दणका थेट लॅपटॉपला.

तिसरं, कापड. लेबलवर डिनियर असा शब्द असतो. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन म्हणजे डिनियर. आकडा मोठा तर धागा जाड. पण जाड म्हणजे जडही, तेव्हा सहाशेच्या आसपास आपलं भागतं. चौथं, चेन. सरकत्या खिट्टीच्या मागे बऱ्याचदा ५, ८, १० असा आकडा असतो. मिटलेले दात साधारण तितके मिलीमीटर रुंद. मोठ्या कप्प्याला आठ किंवा दहाची बघा. आणि पट्टा जिथे ब्यागला जोडलाय तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण असली तर उत्तम. आमची आधीची ब्याग तिथेच मेली होती, एका सरळ टाक्यावर.

विमानानं जाणाऱ्यांनो, देशांतर्गत प्रवासात हातातल्या ब्यागला बहुतेक ठिकाणी सात किलोची मर्यादा असते आणि पॉवर बँक त्याच ब्यागेत ठेवावी लागते. म्हणजे आपल्याला विमानात जेवढं चालतं, त्याहून जास्त ही पोर रोज एसटीत पोटावर घेऊन उभी होती!

असो. पोळ्याला घरी जायचंच होतं. शीटमध्ये पहिली आलेली ब्याग मी लक्ष्मी रोडच्या एका दुकानातून स्वतः हात लावून, ओढून, चेन वीस वेळा उघडझाक करून घेतली. काळी, सहाशे डिनियर, छत्तीस लिटर, दोन मोठे कप्पे. पुतणीचं ऐकलं, भावाचं नाही. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

घरी पोचलो. पोरीनं ब्याग उघडली, पण लॅपटॉप आणायला गेली नाही. आतून दोन ड्रेस, टॉवेल आणि एक चादर घेऊन आली. ते सगळं मागच्या कप्प्यात बसवलं. पुढच्यात वह्या. चेन लावली. बसतंय का, एवढंच तिला बघायचं होतं.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बावीस लिटर म्हणजे रोज वणी आणि संध्याकाळी घर. छत्तीस म्हणजे होस्टेल. इंजिनिअरिंगच्या फेरीत तिला अमरावती लागलं होतं. यादी आठ दिवसांपूर्वीच आली होती, आणि घरात त्यावर कोणी बोलत नव्हतं. भावाचं म्हणणं, वणीलाच बी.एस्सी. कर. तिनं वाद घातला नाही, फक्त ब्यागचा आकडा सांगितला.

भाऊ दारात उभा राहून बघत होता. काही न बोलता गोठ्यात गेला. मीही मागे गेलो. बैलांच्या शिंगांना रंग लावायचं काम चाललं होतं. मी म्हटलं, २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना अशा कोर्सची शिकवणी आणि परीक्षा फी सरकारनं माफ केलीय.

"माहीत हाय," तो म्हणाला. "तिनंच कागद दाखवला. मेस, खोली, येणंजाणं, ते कोणाचा बाप भरन?"

"मी आहे ना."

"नाई दादा. लॅपटॉप देल्ला, ब्याग देल्ली. पोरगी माही हाय."

यावर काय बोलणार! मी २००१ मध्ये घर सोडलं, तेव्हा आईनं युरियाच्या पोत्याची पिशवी शिवून दिली होती आणि एक पत्र्याची पेटी. बाबांनी शेत गहाण ठेवलं. याला पाठवावं की नाही, असा प्रश्न त्या घरात कोणी काढलाच नाही. धाकटा त्याच वर्षी दहावीनंतर शेतावर लागला. तेव्हा त्यालाही कोणी विचारलं नव्हतं. माझ्या पेटीत त्याचाही वाटा होता, आणि हे आम्ही दोघं कधी बोललेलो नाही. त्या दिवशीही बोललो नाही. मी एका शिंगाला रंग लावला, तो दुसऱ्या.

रात्री जेवणं झाल्यावर बघितलं तर भाऊ ओसरीवर ब्याग मांडीवर घेऊन बसला होता. एक पाय पट्ट्यावर दाबून दोन्ही हातांनी ब्याग ओढत होता, पोतं तपासावं तसं. मग फुलीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"शिवण बरी हाय," म्हणाला. थोड्या वेळानं, "चार वर्षं टिकन काय हे?"

मी म्हटलं, "टिकेल."

"मंग सोमवारी जातो अमरावतीले. फॉर्म भरून येऊ."

पोरगी आत भांडी घासत होती. आवाज एकदम थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.

आता ती अमरावतीला आहे. सोयाबीन निघाल्यावर भावानं मेसचे पैसे स्वतः पाठवले. मी न विचारता एक काम केलं, तिच्यासाठी सव्वा किलोचा लॅपटॉप बघतोय. जुना मला परत दे म्हटलं, "ऑफिसला लागतो" अशी थाप मारून. ब्यागबद्दल विचारलं, तर बाटलीचा कप्पा उथळ आहे, वाकलं की बाटली पडते अशी तक्रार आली. माझ्या शीटमध्ये तो कॉलमच नव्हता. तुम्ही घ्याल तेव्हा बाटली सोबत घेऊन दुकानात जा.