नागदेवीच्या गल्लीत चाकांच्या पेटीचा शोध

पाने, पक्कडी, कानशी आणि करवती यांचे मुंबईतले माहेरघर म्हणजे नागदेवी स्ट्रीट. घरच्या हत्यारांसाठी चाकांची पेटी घ्यायची तर या गल्लीत काय पाहावे आणि घरून काय मोजून न्यावे?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटलेली मध्य रेल्वेची धीमी लोकल पहिल्यांदा थांबते ती मशीद स्टेशनात. या नावामागची गोष्ट मोठी गमतीची आहे. जवळच्या सॅम्युएल स्ट्रीटवर बेने इस्रायली ज्यूंचे ‘शार हारहमीम’ हे प्रार्थनास्थळ आहे. त्याची स्थापना १७९६ सालची. लोक त्यालाच मशीद म्हणत आणि त्यावरूनच स्टेशनाला हे नाव पडले, असे सांगितले जाते. बेने इस्रायली मंडळी मूळची कोकणातली, घरात मराठी बोलणारी. तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. धंद्यावरून माणसाची आणि वस्तीची ओळख व्हावी, ही या भागाची जुनीच रीत. इथली तांबाकाटा, लोहार चाळ ही नावे तेच सांगतात. आज लोहार चाळीत भाता दिसत नाही, तिथे विजेच्या सामानाचा बाजार भरतो. लोखंडाचा मोठा व्यापार नवी मुंबईत कळंबोलीला गेला. हातात धरायची हत्यारे मात्र अजून इथेच राहिली आहेत, नागदेवी स्ट्रीटवर.

स्टेशनच्या पश्चिमेला उतरून गर्दीतून वाट काढत गेले की क्रॉफर्ड मार्केटच्या उत्तरेकडच्या गल्ल्यांत हा बाजार सापडतो. दोन्ही बाजूंना जुन्या चाळवजा इमारती, खाली अरुंद दुकाने आणि दुकानांत छतापर्यंत लावलेले सामान. कुठे नुसते नट-बोल्ट, कुठे नुसत्या साखळ्या, कुठे बेअरिंग, तर कुठे फक्त चाके, अगदी बोटभर चाकापासून हातगाडीला शोभेल अशा चाकापर्यंत. ग्रीसचा, नव्या दोरखंडाचा आणि चहाचा मिळून एक वास गल्लीभर असतो. मधूनच “बाजू, बाजू!” अशी हाक येते आणि लादलेली हातगाडी अंगाला चाटून पुढे जाते.

या दुकानांच्या फळ्यांवर अर्धा भारत भेटतो, असे म्हटले तरी चालेल. नाशिकला घडलेल्या पक्कडी आणि पाने, पंजाबातल्या जालंधर-लुधियानाहून आलेले पान्यांचे संच, राजस्थानातल्या नागौरच्या कारागिरांची हत्यारे आणि जोडीला परदेशी मालही.

पेटी कशासाठी?

आम्ही गेलो होतो ते चाकांवर फिरणारी, खणांची हत्यारपेटी घ्यायला. दुकानदार तिला ‘टूल ट्रॉली’ म्हणतात. आम्ही म्हणजे मी आणि माझे सासरे. बाबांची सारी नोकरी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये गेली. निवृत्तीनंतर डोंबिवलीच्या आमच्या घराची गॅलरी हीच त्यांची कार्यशाळा झाली. शेजाऱ्यांच्या इस्त्र्या, मिक्सर, मुलांच्या सायकली, सारे काही तिथे दुरुस्त व्हायचे. हत्यारे मात्र पलंगाखालच्या लोखंडी ट्रंकेत आणि दोन गोणपाटांत. पुढे गुडघे दुखू लागले. वाकून ट्रंक ओढणे जमेना. एका पावसाळ्यानंतर गोणपाट उघडले तर पान्यांवर तांबूस गंज चढलेला. त्या दिवशी बाबा म्हणाले, “भंगारवाल्याला बोलाव गं. आता कोण वापरणार आहे?”

ज्या माणसाने चाळीस वर्षे लोखंड हाताळले, त्याच्या तोंडून हे ऐकणे आम्हा कुणालाच बरे वाटले नाही. आठवीतला माझा मुलगा तर रडवेला झाला, कारण सायकलचे चाक सरळ करायला त्याला आजोबांकडूनच शिकायचे होते. प्रश्न नुसत्या पेटीचा नव्हता. हत्यारे उभ्या उभ्या हाताशी आली तर बाबांचे काम चालू राहणार होते, नाहीतर ते सुटणार होते.

चाकांच्या पेटीचे मूळ

आपल्याकडे सुतार-गवंडी हत्यारांची पिशवी किंवा लाकडी पेटी खांद्यावर घेऊन कामावर येत. जेवढे खांद्याला पेलेल तेवढेच हत्यार. चाकांची पेटी वाढली ती अमेरिकेतल्या मोटार गॅरेजांत. तिथे मेकॅनिकने आपली हत्यारे स्वतःच विकत घ्यायची, अशी पद्धत रूढ झाली. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९२० साली सुरू झालेल्या स्नॅप-ऑन कंपनीने पाच दांडे आणि त्यांवर बसणारी दहा सॉकेटे असा संच विकायला काढला. असे संच वाढत गेले, तशी पेटीही वाढली. हातात मावेना तेव्हा तिला खण आले आणि उचलवेना तेव्हा चाके आली. तिकडे मेकॅनिकने नोकरी बदलली की ही पेटीही त्याच्याबरोबर जाते. म्हणजे ती नुसते कपाट नव्हे, त्याची मिळकतच.

आपल्या घरी मोटारीचे गॅरेज नसते. असते ती पाच-सहा फुटांची गॅलरी, नाहीतर जिन्याखालची जागा. त्यामुळे तिकडची मोठी पेटी पाहून भुलण्यात अर्थ नाही.

आधी घर मोजा

पहिल्याच दुकानात लाल रंगाची, सात खणांची चकचकीत ट्रॉली पुढे आली. मन मोहून जावे अशीच होती. पण दुकानदार पिढीजात व्यापारी. त्यांनी बाबांना विचारले, “काका, खण मोजू नका. घरी वजन किती आहे ते सांगा.”

सुदैवाने ते आम्ही पाहून आलो होतो. घरच्या वजनकाट्यावर थोडी थोडी करून हत्यारे तोलली होती. एकूण भरली चौसष्ट किलो. त्यांत मोठे पाने, हातोड्या, ड्रिल मशीन आणि एक व्हाइस. गॅलरीच्या दाराची मोकळी रुंदी सव्वीस इंच आणि दारात पाऊण इंचाचा उंबरठा. हे तीन आकडे कागदावर होते, म्हणून पुढची निवड सोपी झाली.

लाल ट्रॉली दारातून आडवी जाणार नव्हतीच, शिवाय तिची चाके होती तीन इंची. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर ती लोण्यासारखी फिरते, उंबरठ्यावर मात्र अडते. चाक जितके मोठे, तितका अडथळा सहज ओलांडता येतो. म्हणून आमच्यासाठी पाच इंची चाके हवी होती. दोन सरळ चालणारी, दोन वळणारी आणि वळणाऱ्या चाकांना ब्रेक. चारही चाके वळणारी असली तर भरलेली पेटी भलतीकडे धावते.

चाकावरच्या वजनाचा एक हिशोब इथेच शिकायला मिळाला. पेटीचे आणि हत्यारांचे वजन मिळवायचे आणि चाराने नव्हे, तर तिनाने भागायचे. कारण जमीन कधीच पूर्ण सपाट नसते आणि एखादे चाक अधांतरी राहून सारा भार तिघांवर येतो. आमची हत्यारे चौसष्ट किलो, पेटी सुमारे पंचेचाळीस, म्हणजे एकूण एकशे नऊ. तेव्हा प्रत्येक चाक किमान सदतीस किलो तरी पेलणारे हवे. नायलॉनचे चाक कडक असते, वजन पेलते पण खडखडते. खालच्या मजल्यावरच्या मंडळींचा विचार केला तर पॉलियुरेथेनचे चाक बरे. साधे रबर मऊ खरे, पण भरलेली पेटी महिनोन्महिने एकाच जागी उभी राहिली तर ते दबून चपटे होऊ शकते.

पत्रा, खण आणि कुलूप

पत्र्याची जाडी ‘गेज’मध्ये सांगतात आणि तिथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. अठरा गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, वीस गेज म्हणजे सुमारे ०.९ आणि बावीस गेज म्हणजे जेमतेम ०.७. घरगुती वापराला वीस गेजचा पत्रा पुरतो, पण तळ आणि चाके बसवलेली चौकट त्याहून दणकट असावी. बाबांनी आकडा विचारलाच नाही. पेटीच्या बाजूवर मधोमध अंगठा दाबला, मग दोन कोपरे धरून ती पिळून पाहिली. अंग हलले की समजायचे, खण पुढे अडकणार.

खणाची परीक्षा रिकाम्या खणावर करू नये. आम्ही दुकानातलेच पाच-सात किलोचे पाने मागून खणात ठेवले, तो पूर्ण बाहेर ओढला आणि आडवा हलवून पाहिला. बेअरिंगच्या पट्ट्यांवरचा खण भरलेला असतानाही एका बोटाने सरकतो. पत्र्यावर पत्रा घासत सरकणारा खण थोड्याच दिवसांत कुरकुरू लागतो. खण शेवटपर्यंत बाहेर येतो का, हेही पाहावे. मागचे चार इंच आतच राहिले तर तिथे गेलेले हत्यार दिवाळीच्या साफसफाईलाच हाती लागायचे!

खणांची खोली एकसारखी नको. पाने आणि पेचकस यांना दोन इंच पुष्कळ झाले, पक्कडी-हातोड्यांना तीन आणि ड्रिल मशीनला किमान सहा. उथळ खणात हत्यारे एका ओळीत मांडता येतात आणि एखादे जागेवर नसले की लगेच कळते. खोल खणात ती एकमेकांवर पडतात, म्हणजे शेवटी ट्रंकच झाली.

घरात मुले असतील तर दोन गोष्टींवर तडजोड करू नये. एक, सगळे खण एका किल्लीने बंद होणारे कुलूप. दुसरी, एक खण उघडा असताना दुसरा उघडू न देणारी कळ. वरचे दोन-तीन भरलेले खण एकदम ओढले गेले तर पेटी पुढे कलंडते, आणि शंभर किलोंची पेटी अंगावर येणे म्हणजे काही खेळ नव्हे. जड सामान नेहमी तळाशी ठेवावे. पण गुडघेदुखीचे काय? त्यावर बाबांनीच तोड काढली. जड पण क्वचित लागणारे, म्हणजे व्हाइस आणि मोठे पाने, खालच्या खणात. रोजचे सारे कमरेच्या उंचीला.

तीन दुकाने पालथी घालून शेवटी राखाडी रंगाची, पाच खणांची, अठरा इंच खोल आणि पस्तीस इंच उंच पेटी ठरली. आडवी वळवली की सव्वीस इंचांच्या दारातून जाते. वर रबराचा थर दिलेला सपाट माथा आहे, म्हणजे काम करताना तेच टेबल. सात खणांच्या लाल ट्रॉलीहून ती स्वस्तही पडली. उरलेल्या पैशांत नातवासाठी सायकलच्या पान्यांचा एक संच आला. भंगारवाल्याचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

माथ्यावरून चाकांवर

पेटी टेम्पोपर्यंत नेली ती हातगाडीवाल्यांनी. मुंबईच्या बाजारातले ओझे पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या माथ्यावरून गेले आहे. माथाडी हा शब्दच त्यातून आला. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांची संघटना उभारली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांसाठी स्वतंत्र कायदा झाला. दोघांनी पेटी उचलली तेव्हा बाबांनी पटकन सगळे खण चिकटपट्टीने बांधले आणि किल्ली खिशात घातली. उचलताना सुटलेला खण बोटे चेचतो, हे वर्कशॉपमधले शहाणपण.

पावसाळ्याचा बंदोबस्त

कोकणपट्टीत लोखंडाचा खरा शत्रू म्हणजे हवा. सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंज वेगाने चढू लागतो, आणि जुलैत मुंबईची हवा ऐंशी टक्क्यांच्याही पुढे असते. म्हणून पेटी घेताना पावडर कोटिंगचा रंग बाहेरून पाहून भागत नाही. खण काढून आतल्या कडा आणि वेल्डिंगचे सांधे पाहावेत, गंज तिथूनच सुरू होतो. हत्यारे ठेवण्यापूर्वी कोरड्या फडक्याने पुसून मशीन ऑइलचा पुसट हात फिरवावा. खणात स्पंज किंवा गोणपाट नको, ते ओल धरून ठेवतात. लाकडाचा भुसाही झटकून टाकावा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यास त्या अधूनमधून बदलाव्यात. पेटी गॅलरीत ठेवायची असेल तर पावसाची झड जिथवर येते त्याच्या आत, भिंतीपासून चार बोटे दूर.

जाणार असाल तर...

नागदेवीला रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर गर्दी कमी आणि दुकानदाराला बोलायला सवड असते. एकाच दुकानात सौदा करू नका, तीन ठिकाणी खण ओढून पाहा. पक्के बिल घ्या. सुटी चाके आणि खणाच्या पट्ट्या पुढे बदलून मिळतील का, हे विचारून ठेवा. जवळ वेळ असेल तर क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, जरूर पाहा. १८६९ साली पूर्ण झालेल्या या इमारतीच्या प्रवेशद्वारावर लॉकवुड किपलिंग यांनी कोरलेली कष्टकऱ्यांची शिल्पे आहेत. हत्यारांच्या बाजारातून येताना ती अधिकच जवळची वाटतात.

मुंबई लांब असेल तर पुणेकरांना रविवार पेठेतली बोहरी आळी आहे, दिल्लीकरांना चावडी बाजार. थोड्याफार फरकाने अशी गल्ली बहुतेक मोठ्या शहरांत सापडते. कुठेही जा, पण खिशात तो कागद हवा: हत्यारांचे वजन, दाराची रुंदी, उंबरठ्याची उंची. आणि ज्याच्यासाठी पेटी घ्यायची त्या माणसाला बरोबर न्या. त्याला उभ्याने कोणता खण सहज उघडता येतो ते पाहा, मग रंग निवडा.