पाच वर्षांचा पगार कुणाचा?

शेंदूरजनाघाटच्या पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, कलमा बांधणारा माणूस दिवसभर उकिडवा बसलेला असतो. जंबेरीचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला, की जमिनीपासून वीतभर उंचीवर धारदार चाकूने सालीला उभा-आडवा छेद द्यायचा, संत्र्याच्या निरोगी झाडाचा डोळा त्यात सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळून बांधायची. सराईत हाताला यासाठी मिनिटभर पुरते. मात्र तो डोळा फुटून कलम वाढणार, शेतात लागणार आणि भरवशाचे फळ देणार, यात पाचेक वर्षे जातात.

सातपुड्याच्या पायथ्याचे, वरुड तालुक्यातले हे गाव संत्र्याच्या रोपांसाठी ओळखले जाते. इथली कलमे मध्य प्रदेश, राजस्थानपर्यंत जातात. तरीही इथला बगीचेवाला बाप पोराला सांगतो, “बगीचा पाह्यतो मी, तू पयले नोकरी लाव.”

शेती कमीपणाची वाटते म्हणून तो हे बोलत नाही, त्यामागे त्याचा हिशेब आहे. भूजल खाली गेले तेव्हा या पट्ट्यातले उभे बगीचे वाळले. फळगळ आणि डिंक्या रोग तर पाचवीलाच पुजलेले. वरुडचा संत्रा बांगलादेशात जायचा. त्या देशाने 2019 नंतर आयातशुल्क वाढवत नेले आणि इथले भाव पडले. जो बगीचा अशा वर्षांतूनही टिकला, त्या घरात बहुतेकदा कुणीतरी पगारदार निघतो. शिक्षक भाऊ, ग्रामसेवक काका, बँकेतली सून. फळ नसलेल्या वर्षात फवारणी, मोटारीची दुरुस्ती, पोरांची फी त्या पगारातून भागते. नोकरी आणि स्वप्न यांची आपण उगाच झुंज लावतो. वऱ्हाडात नोकरीने अनेकदा स्वप्नाला पोसले आहे.

लेखकांचेही तेच. ‘धग’ ही 1960 ची कादंबरी लिहिणारे उद्धव शेळके अमरावतीत राहून लेखणीवर जगले. त्या जगण्यासाठी त्यांना पुढे खपणाऱ्या कादंबऱ्या भराभर लिहाव्या लागल्या. अकोल्यात विठ्ठल वाघ महाविद्यालयात शिकवत राहिले आणि वऱ्हाडी कविता त्यांनी आपल्या चालीने लिहिली. एकाची निवड धाडसाची आणि दुसऱ्याची सावध, असे म्हणून भागत नाही. थांबण्याचा खर्च कोण उचलत होते, हा दोघांमधला खरा फरक.

आता अडचण अशी, की ज्या पगारावर हा सगळा डोलारा उभा होता तोच पातळ झाला आहे. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य शासनाच्या सेवेत लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. तिच्यासाठी मार्च 2023 मध्ये राज्यभरातले कर्मचारी आठवडाभर संपावर होते. त्याच वर्षी सप्टेंबरात बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरात रद्द झाला. तलाठ्याच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी तेव्हा दहा लाखांवर अर्ज आले. खुल्या गटाला एका अर्जाची फी 1,000 रुपये. पुण्यातल्या आयटी कंपनीत लागलेला पोरगा कायमचा मार्गी लागला, असेही आता कुणी छातीठोक सांगत नाही.

म्हणजे ज्याला घरचे ‘सेफ’ म्हणतात, त्या वाटेवरही पाच-सात वर्षे बिनपगारी जातात. अमरावतीच्या अभ्यासिकांमध्ये तिशी गाठलेली मुले ‘या वेळी निघते’ म्हणत बसलेली असतात. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा 38 आहे. शासनाची मर्यादा सगळ्यांना पाठ असते. घराने स्वतःची मर्यादा ठरवलेली नसते. बगीच्यात हे चालत नाही. बहार धरण्यासाठी पाणी तोडून झाडाला ताण देतात, हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी जमिनीत जास्त. दिवस मोजले नाहीत तर बहार लांबच राहतो, झाडच हातचे जाते. पोराच्या बाबतीत मात्र तोच बाप ‘अजून एक अटेम्प्ट’ म्हणतो.

आणि ही उसनी वर्षे सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. ज्या घरात मुलाला पाच वर्षे मिळतात, तिथे मुलीला दोनच मिळतात. तिसऱ्या वर्षी स्थळे सुरू होतात. कलमा बांधणाऱ्या मजुराच्या पोराला तर एक वर्षही जड जाते. त्याच्या घरी मागे उभा राहणारा पगारच नसतो. त्याला ‘मनाचं ऐक’ किंवा ‘नोकरीच बघ’ असला सल्ला देणे सोपे आहे, कारण देणाऱ्याचे काही जात नाही.

घरात असा पोरगा किंवा पोरगी असेल, तर या दिवाळीत सगळे जमले की कागद घेऊन बसा. किती वर्षे द्यायची, त्या काळात महिन्याचा खर्च कुणी करायचा, मुदत संपली तर दुसरे काम कोणते, हे तारखेसह लिहा. बगीचा लावायचा असो, परीक्षा द्यायची असो की नाटक करायचे असो, आकडे तेवढेच खरे लिहा. आणि मुलाच्या नावापुढे जितकी वर्षे लिहाल, तितकीच मुलीच्या नावापुढेही लिहा.