रेतीवरचं बिऱ्हाड

मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा भंडाऱ्यापासून खाली दक्षिणेचा रस्ता धरते. पवनी, देसाईगंज, आरमोरी मागे टाकते. एका काठाला चंद्रपूर जिल्हा, दुसऱ्याला गडचिरोली. पण चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याशी आल्यावर तिला काय वाटतं कोण जाणे, ती वळते आणि थोडं अंतर उत्तरेकडे वाहते. नदी उत्तरवाहिनी झाली की आपल्या लोकांना तिथे देव दिसतो. मार्कंड्याला विदर्भाची काशी म्हणतात ते या वळणामुळे. आणि नदीच्या वळणाला आणखी एक गोष्ट हमखास मिळते, ती म्हणजे रेती.

आमच्या भागात वाळूला रेतीच म्हणतात. समुद्र इथून शेकडो कोस दूर. गडचिरोलीच्या आतल्या गावांत असे कितीतरी म्हातारे भेटतात, ज्यांनी समुद्र उभ्या जन्मात पाहिलेला नाही. पण पाण्याकाठच्या मोकळ्या रेतीवर अंथरूण टाकून रात्र काढणं काय असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा भरते आणि नदीच्या पात्रात एक गाव वसतं. कालपर्यंत ते नव्हतं आणि आठ-दहा दिवसांनी ते नसेल.

पावसाळ्यात या जागेवर उभं राहायची कुणाची छाती नाही. 2020च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत शेतं, रस्ते, घरं पाण्यात गेली. धान कुजला. त्या आठवणीनं अजूनही काठच्या गावांतली माणसं गप्प होतात. पण रेतीही पूरच आणून टाकतो. वळणाच्या आतल्या अंगाला पाण्याचा वेग मंदावतो, तिथे नदी हातातलं ओझं खाली ठेवते. कोजागिरीनंतर पाणी उतरू लागतं, कार्तिकात रेतीची पाठ वर येते, पौष-माघात ती चांगली ऐसपैस होते. काठाकाठानं टरबुजाच्या आणि डांगराच्या वाड्या लागतात. मासेमार ढिवरांचे डोंगे उरलेल्या धारेतून फिरतात. एवढी तयारी नदी स्वतःहून करते, मग माणसं येतात.

पूर्वी बंड्या आणि रेंग्या यायच्या. आता ट्रॅक्टर, टेम्पो, पिकअप जास्त, तरी बैलजोडी घेऊन येणारी घरं पूर्ण संपलेली नाहीत, आणि ती आली की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. बंडीत खाली तणस पसरलेलं असतं. धानाचा तो पेंढा म्हणजे बैलांचा चारा आणि माणसांची गादी, दोन्ही. वर पोरं, म्हातारी, पिठाचे डबे, लाकडं. धुरकरी रेतीत उतरताना बैलांशी बोलत राहतो, कारण कोरड्या रेतीत चाक रुततं आणि बैल बिथरतात.

जागा कुठली धरायची हे बहुतेक घरांत म्हातारी ठरवते. ती चप्पल काढून थोडं चालते, वाकून कोपरभर खड्डा करते आणि आतली रेती मुठीत दाबून पाहते. मुठीत गोळा झाला तर पुढे. पाणी फार लांब नको, घागर आणावी लागते. फार जवळही नको, पहाटे ओल वर चढते. वारा नदीवरून येतो, म्हणून बंडी आडवी लावायची. मग बांबूच्या काठ्या, त्यांवर ताडपत्री, आणि ताडपत्री कमी पडली तर एखादं लुगडं. दगड इथे मिळत नाहीत, तेव्हा रेतीतच चर खणून त्याची चूल करायची. कुणी जरा उंचावर झिरा उकरतं. हातभर खणलं की खाली पाणी पाझरू लागतं, पहिलं गढूळ उपसून टाकलं की मागून निवळशंख येतं. रेतीनं गाळलेलं ते पाणी गोड लागतं.

तंबू उभा राहायच्या आत शेजारी येतो.

"कोणत्या गावचे जी?"

"मूलकडचे."

"मग तं जवळचेच निघाले. आमची लेक तिकडेच दिली."

इतकं झालं की विस्तवाची देवघेव सुरू. रेतीवर शेजार ठरवून मिळत नाही. या बाजूला चामोर्शीचं घर, त्या बाजूला सिरोंच्याकडून आलेलं तेलुगू बोलणारं कुटुंब, मागे गोंडीत चाललेल्या गप्पा, पुढे छत्तीसगढी. कुणाची किती शेती, कोण कुठल्या जातीचा, हे गावात पहिल्या प्रश्नात कळतं. इथे ते कळेपर्यंत चहा पिऊन झालेला असतो. सगळं मिटतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या जमिनीचा सातबारा कुणाच्या घरात नाही, तिच्यावर माणसं वेगळी बसतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आपली बरीच मराठी मुलं आता कॅलिफोर्नियात असतात. तिथे समुद्राच्या काठावर राज्य सरकारची उद्यानं आहेत आणि त्यांत तंबू ठोकून राहायची सोय आहे. प्रत्येक जागेला क्रमांक, टेबल, विस्तवासाठी लोखंडी कडं. लोकप्रिय किनाऱ्यांवरच्या जागा सहा महिने आधी आरक्षण खुलं होताच भराभर संपतात. त्या व्यवस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे. समुद्राकाठची इतकी महागाची जमीन कुणा एकाच्या बंगल्याला न देता सगळ्यांच्या एका रात्रीसाठी राखून ठेवायची, हा मोठाच विचार आहे. आपल्याकडे ताडोबाच्या वेशीवर रिसॉर्टांची रांग लागली. सामान्य माणसानं अंथरूण घेऊन यावं आणि जंगलाशेजारी निर्धास्त झोपावं, अशी जागा मात्र शोधावी लागते. मार्कंड्याची रेती ती उणीव काही दिवस भरून काढते. तिथे क्रमांक नाही, पावती नाही. ज्यानं आधी बंडी सोडली, त्याची जागा.

संध्याकाळी देवळांकडे जावं. सूर्य कलतो आणि उजेड शिल्पांवर आडवा पडतो. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74च्या दौऱ्यात मध्य प्रांतात फिरला तेव्हा इथे आला होता आणि त्यानं आपल्या अहवालात या देवळांचं सविस्तर वर्णन केलं. त्या काळचे साहेब थंडीत तंबू घेऊनच फिरत. मुख्य देऊळ मार्कंडेश्वराचं. त्याच्याभोवती मृकंड ऋषी, यमधर्म, दशावतार अशी लहानमोठी देवळं. वीज पडून मुख्य शिखर कोसळलं आणि पुढे एका गोंड राजानं डागडुजी केली, असं सांगतात. अलीकडे पुरातत्त्व खात्याचं जीर्णोद्धाराचं काम चाललं आहे, ते लांबत गेलं, आणि देवळाला लागलेल्या पहाडांकडे पाहून गावकरी हळहळतात. भिंतींवरच्या अप्सरा, वादक, हत्तींच्या रांगा यांना खजुराहोची उपमा देण्याची पद्धत आहे. मला ती उपमा आवडत नाही. हा दगड या नदीकाठी, या लोकांत उभा आहे. यमाच्या पाशातून सुटलेल्या मुलाची गोष्ट सांगणाऱ्या देवळाच्या ओट्यावर आजारी लेकरू मांडीवर घेतलेली आई बसते, तेव्हा त्या दगडाला दुसऱ्या कुठल्या गावाच्या नावाची गरज उरत नाही.

खरी यात्रा मला रात्रीची वाटते. शिवरात्र वद्य चतुर्दशीची, म्हणजे चंद्र जवळजवळ नाहीच. त्याची बारीक कोर उजाडण्याच्या थोडं आधी वर येते. देवळाजवळचे दिवे, पाळण्यांचा झगमगाट, भोंगे हे सगळं मागे टाकून पाण्याच्या कडेनं दहा मिनिटं चाललं की अंधार लागतो. आणि अंधारात, ऐन डोक्यावर, मृग.

शिवरात्रीची कथा आपल्याकडे घराघरांत सांगतात. एक पारधी पाण्याकाठच्या बेलाच्या झाडावर दबा धरून बसला. तो दिवसभराचा उपाशी. नेम धरताना आड येणारी पानं तो तोडून खाली टाकत होता, ती खालच्या पिंडीवर पडत होती. हरणी आली, तिनं पाडसांना भेटून परत येण्याचं वचन दिलं, आणि ती खरोखर परत आली. अख्खं कुटुंब आलं. पारध्याचा हात उठेना. मग शंकरानं हरणांना आणि पारध्याला आभाळात जागा दिली. ते मृग नक्षत्र आणि त्याच्या मागावरचा व्याध. शिवरात्रीच्या संध्याकाळी अंधार पडतो तेव्हा मृग जवळजवळ माथ्यावर असतो आणि व्याध त्याच्या आग्नेयेला निळसर पांढरा तळपत असतो. कथा ज्या रात्री सांगायची, त्या रात्री ती आभाळात मांडलेली असते. ही योजना कुणाची, ते मला माहीत नाही. पण ज्यानं केली त्यानं अशाच उघड्या जागी, उपाशी पोटी, रात्र जागवली असणार. चार भिंतींत बसून ती सुचत नाही.

रेतीवर उताणं पडावं. दिवसभराची ऊब सुरुवातीला पाठीला लागते. वरचा थर लवकर गार होतो, पण खाली हात खुपसला तर बराच वेळ कोमट लागतं. पोरांना ते कळतं, ती पाय पुरून बसतात. चुलीच्या चरात रताळी भाजत ठेवलेली असतात. मामा (माजी मालगुजारी) तलावांतला शिंगाडा वाळवून दळलेलं पीठ कुणीतरी आणलेलं असतं, त्याचा गरम शिरा द्रोणातून फिरतो. मध्यरात्रीनंतर थंडी अंगावर येते. दवानं तणस ओलं होतं, घोंगड्या जवळ सरकतात, शेकोटीत नवं लाकूड पडतं. मृग पश्चिमेला उतरतो, सप्तर्षी वर चढलेले असतात, आणि दोनच्या सुमारास आग्नेयेला वृश्चिकाचा लाल तारा, ज्येष्ठा, वर येतो. भजनाचे आवाज बसतात, पण थांबत नाहीत.

रात्र बाहेर काढण्याची या मुलखाला जुनी सवय आहे. झाडीपट्टीची नाटकं भातकापणी झाली की गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत सुरू होतात आणि पहाटेपर्यंत चालतात. लोक चादरी घेऊन कुटुंबासकट येतात. डुकरांपासून धान राखायला माळ्यावर रात्री निघतात. चैत्राच्या आगेमागे मोहफुलं वेचायला अंधारातच जंगल गाठावं लागतं. आभाळाखाली झोपणं इथे कष्टाचा भाग आहे, त्यामुळे त्याचं कौतुक कुणी करत नाही. पण वर्षातून एकदा, काहीही राखायचं नसताना, काहीही वेचायचं नसताना ती माणसं मुद्दाम बाहेर येऊन जागतात. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो मोकळेपणा असतो, तो मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

म्हणून रेतीची काळजी वाटते. वरच्या अंगाला गोसेखुर्दचं मोठं धरण झालं, 1988 साली त्याचं भूमिपूजन झालं होतं. चामोर्शी तालुक्यातच चिचडोहचं बॅरेज आहे. शेतीला पाणी हवं, त्याबद्दल वाद नाही; धानाच्या मुलखात पाण्याला नको म्हणणारा माणूस मिळणार नाही. पण फेब्रुवारीत पात्रात पाणी किती असणार, हे आता दरवाज्यांवरही ठरतं. यात्रेच्या दिवसांत थोडी रेती उघडी राहावी आणि स्नानाला वाहतं पाणीही असावं, एवढा हिशेब पाणी सोडणाऱ्यांनी दरवर्षी आठवणीनं ठेवायला हवा. दुसरीकडे नदीभर रेतीचे घाट लिलावात जातात. ठरल्यापेक्षा खोल उपसा झाला की पात्रात डोह पडतात. वरून पाणी शांत दिसतं, आणि स्नानाला उतरलेल्या पोराचा पाय अचानक सुटतो. यात्रेत डोंगे घेऊन उभे असलेले ढिवर आणि बचाव पथकाची मुलं दिवसभर डोळ्यांत तेल घालून पाहत असतात, ती या भीतीपोटी. चंद्रपूर, नागपूरच्या इमारतींना रेती लागतेच. पण जिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या निजतात, तेवढं वळण तरी उपशाबाहेर ठेवावं, असं मला फार तीव्रतेनं वाटतं. देऊळ जपायला खातं आहे. या निजण्याच्या जागेला तसं कुणी नाही.

उजाडताच सगळं वेगानं सुरू होतं. बायका लुगडी सावरत पाण्यात उतरतात, थंडीनं किंचाळतात, हसतात, पुन्हा बुडी मारतात. उपास सोडायला भात शिजतो, वांग्याची भाजी, वरण. कुणाकडे गोवऱ्यांच्या आरात रोडगे. पलीकडच्या काठावर पळस पेटलेला असतो, त्याच्याकडे पाहायला आता वेळ नसतो. यात्रेच्या बाजारात पावशी घ्यायची असते, विळा, कढई, पोरांना फिरकी, सुनेला बांगड्या, आणि परतीच्या वाटेसाठी मुरमुरे. पावशीच्या पात्यावर अंगठा फिरवून म्हातारी दुकानदाराशी पाऊण तास हुज्जत घालते आणि जिंकून येते.

ताडपत्री झटकली जाते, तिच्यातली रेती वाऱ्यानं शेजाऱ्यांच्या भातात जाते, त्यावरून थोडी बोलाचाली, लगेच समझोता. बैल जुंपले जातात. रात्री शिरा देणारी सिरोंच्याकडची बाई पिकअपच्या मागच्या फळीवर चढता चढता मोडक्या मराठीत ओरडून सांगते, "पुढच्या वर्षी आमच्या वरच्या अंगाला उतरा जी. इथे खाली नको, पहाटे फार ओल येते."