तात्या विंचू ते बाबुली

बांद्याकडच्या जत्रांत दशावतार बघत वाढलेला माणूस नटाला नावाने कमी, सोंगाने जास्त ओळखतो. 'संकासूर करता तो' एवढी ओळख पुरते. दिलीप प्रभावळकरांची कारकीर्द मला तशीच वाटते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर चिमणराव. मग १९९३ च्या 'झपाटलेला'त तात्या विंचू. गंमत बघा, गुंड मरतो आणि पुढचा सगळा सिनेमा प्रभावळकर फक्त आवाज असतात! बाहुला रामदास पाध्यांचा, देखणं काम. पण तो खरखरीत आवाज काढून टाका, उरेल ते खेळणं. आमच्या पिढीची झोप उडाली ती आवाजाने. त्याच घशातून २००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे'तले आबा बोलले, आणि घरोघरी आपलेच आजोबा वाटले. २००६ मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी, त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार. तोही सहाय्यक अभिनेत्याचा.

ह्या कामाची किंमत असतेच. सोंग जितकं चांगलं, तितका आतला माणूस दिसेनासा होतो. पोस्टरवर मोठा चेहरा सहसा दुसऱ्याचा.

म्हणून २०२५ चा 'दशावतार' मला महत्त्वाचा वाटतो. एक्क्याऐंशीचे प्रभावळकर पोस्टरच्या मधोमध, आणि भूमिका कुणाची? कोकणातल्या दशावतारी बाबुली मेस्त्रीची. आमच्याकडे ह्या नाटकाला लिहिलेले संवाद नसतात. रात्री दोन वाजता पेंगणाऱ्या शेवटच्या रांगेला जागं ठेवायचं ते आवाजाने. म्हणजे आयुष्यभर पडद्यावर केलं तेच की!

असो. बघितला नसेल तर जरूर बघा.