कौनसा घेवडा?

रात्री साडेनऊला ह्यूस्टनहून भाच्याचा फोन आला. तिकडं सकाळ. ऑफिसात सगळ्यांनी घरून काहीतरी करून न्यायचं होतं आणि ह्या पठ्ठ्यानं चिली करतो म्हणून नाव देऊन टाकलं होतं. मला विचारतो, "फुफी, चिलीमें कौनसा घेवडा डालूं?"

चिली म्हणजे मला मिरचीच वाटली. मिरचीत घेवडा कशाला घालतोस, म्हटलं. मग त्यानं समजावून सांगितलं. गोश्त, लाल मिरची, कांदा, लसूण, जिरं, हे सगळं तास-दोन तास शिजवायचं आणि कुणी त्यात बीन्स घालतं. आमच्या घरात कुठल्याही द्विदल दाण्याला घेवडाच म्हणायची पद्धत, त्यामुळं अमेरिकेत चार वर्षं राहूनही त्याच्या तोंडी तोच शब्द. पाठोपाठ दुकानातल्या फळीचा फोटो आला. लाल राजमा, काळा, पांढरा, ठिपक्यांचा पिंटो, गुलाबी रेघांचा क्रॅनबेरी. खालच्या फळीवर हेच सगळं शिजवून डब्यात बंद केलेलं.

फोटो मोठा करून पाहिला आणि त्या गुलाबी रेघांच्या पिशवीवर नजर थांबली. हा तर आपला वाघ्या!

सातारकरांना वाघ्या घेवडा सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. कोरेगाव तालुक्यात, विशेषतः उत्तर भागात, खरिपात हा घेवडा घेतात. जूनमध्ये पेरला की सत्तर-पंचाहत्तर दिवसांत निघतो, त्यामुळं त्याच रानात पुढं ज्वारी करता येते. फिकट गुलाबी दाण्यावर लाल पट्टे, म्हणून वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरच्या राज्यांत गेला की तो राजमा होतो आणि राजमा म्हणूनच खाल्ला जातो. आता बाजारात वरुण नावाचा सुधारित घेवडाही भरपूर येतो, तोही चांगला शिजतो. पण आमची अम्मा वरुणला हात लावायची नाही. तिच्या मते घेवड्याची साल दाताला लागली की सालन फुकट गेलं.

अम्मा करायची ते घेवडा-गोश्त. भाच्यानं चिलीची कृती वाचून दाखवली तेव्हा मला हसू आलं. जिरं थोडं जास्त आणि खोबरं नाही, एवढा फरक सोडला तर हे अम्माचंच कालवण. त्यात नवल तरी काय? राजमा-घेवड्याचं हे सगळं कूळ अमेरिका खंडातलं आणि मिरचीही तिथलीच. दोन्ही आपल्याकडं आली ती कोलंबसानंतर. त्याआधी साताऱ्यात ना घेवडा होता ना चटणी. (चटणी म्हणजे आमच्याकडची, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली कांदा-लसणाची लाल चटणी. पुण्यामुंबईच्या वाचकांचा इथं नेहमी घोटाळा होतो.)

भाच्याची अडचण मात्र वेगळीच होती. टेक्सासात म्हणे खऱ्या चिलीत बीन्स घालतच नाहीत. १९७७ साली तिथल्या विधिमंडळानं चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं. टर्लिंग्वा नावाच्या वाळवंटी गावात १९६७ पासून चिलीची स्पर्धा भरते, तिथल्या नियमांत तर बीन्सना सरळ मनाई आहे. बीन्स म्हणजे भरताड, गोश्त कमी पडलं की घालायची वस्तू. ऑफिसातला एक जण त्याला म्हणाला होता की बीन्स घातलेस तर त्याला चिली म्हणू नकोस.

भरताड हा शब्द माझ्या मनात राहिला. खोटं कशाला बोलू, अम्मा घेवडा घालायची तो त्याच कारणासाठी. अर्धा किलो गोश्त आणि खाणारी नऊ तोंडं. पाव किलो घेवडा भिजला की फुगून दुपटीवर जातो. त्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि जाडसर रस्सा असला की पातेलं भरतं. पण तिनं ते अशा हातानं केलं की आम्हा भावंडांत घेवड्यावरून भांडणं व्हायची, बोटीवरून नाही.

तिचं सगळं गणित वेळेचं होतं. आमच्याकडं यायचं ते बडेका, म्हणजे शेतीतून निवृत्त झालेल्या बैलाचं. ते चिवट. चुलीवर दोन-अडीच तास घेणार. घेवडा रात्रभर भिजवलेला. सकाळी ते पाणी ओतून ताज्या पाण्यात खळखळून उकळायचा आणि तेही पाणी फेकायचं. "इस पानीमें पित्त रहता," म्हणायची. मग गोश्त तासभर शिजलं की त्यात घेवडा जायचा. पुढचा तास-दीड तास दोघं एकत्र. चिंचेचा कोळ अगदी शेवटी, कारण आंबट आधी पडलं की घेवडा अडून बसतो, कितीही जाळ घाला. झाकण काढल्यावर वाघ्याचे पट्टे गेलेले असायचे, सगळा दाणा तपकिरी, बोटानं दाबला की लोणी. "गोश्तकू घेवडेका वास लगना, और घेवडेकू गोश्तका," एवढाच तिचा कायदा.

लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा इथं ह्या कालवणात सुका पावटा. भिजवायचा, मोड आणायचे, एकेक दाणा दाबून सोलायचा. माहेरून पहिल्यांदा घेवडा आणला तर सासू म्हणाल्या, घेवड्यानं पोटात वारा धरतो. मी मनात म्हटलं, पावट्यानं काय सुगंध सुटतो? बोलले नाही. सात-आठ वर्षं पावटा सोलला. सोललेल्या पावट्याची चव वाईट नाही, किंचित कडसर, रश्शाला दाटपणा येतो. पण तो गोश्ताचा रस पिऊन घेत नाही, आपलंच म्हणणं मांडत बसतो. सासूंचा हात पुढं थरथरायला लागला, सोलणं होईना, आणि एक दिवस त्याच म्हणाल्या, "तेरा वो घेवडाच डाल." त्याला हार म्हणायचं की माया, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मार्च २०१५ आला. गाय कापायला महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यापासूनच बंदी होती. बैल मात्र दाखला घेऊन चालत. १९९५ मध्ये विधिमंडळानं केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळून ती लागू झाली आणि बैलही बंद झाला. म्हशीचं कायद्यानं चालतं. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयानं परराज्यातून आणलेलं जवळ बाळगण्याचं कलमही रद्द केलं. हे सगळं कागदावर मला माहीत आहे. पण पिशवी हातात घेऊन एसटीत बसलेल्या माणसाला कलमं कोण विचारतं? आम्ही जिथून घ्यायचो ते दुकान आधी आठवड्यातून दोन दिवस उघडं राहिलं, मग बंदच झालं. छोटेकाचा भाव रोजच्या घराला झेपणारा नाही. राहिली कोंबडी.

आणि कोंबडीबरोबर घेवडा जमत नाही. ब्रॉयलर वीस मिनिटांत शिजते. घेवड्याबरोबर तास-दीड तास ठेवली तर हाडं वेगळी आणि दोऱ्या वेगळ्या. घेवडा आधी वेगळा शिजवून घातला तर दोघं एका पातेल्यात असून अनोळखीच राहतात. अम्मानं एकदा करून पाहिलं. मी तेव्हा साताऱ्याला गेले होते. तिनं एक घास घेतला, भाकरी खाली ठेवली आणि म्हणाली, "रहन दे. इससे मसूर अच्छा." तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत कोंबडीत मसूर पडतो. भिजवायचा त्रास नाही, अर्ध्या तासात काम. वाईट लागत नाही. मसुराचा उल्लेख कुराणातही आहे, सूरह बकरात. मन्न आणि सलवा रोज रोज खाऊन कंटाळलेल्या बनी इस्राईलनी कांदा-लसणाबरोबर जे मागितलं त्यात तो आहे. अब्बा त्यावर म्हणायचे, त्यांनी मसूर मागून घेतला, आपल्याला न मागता मिळाला.

अम्माला घेवडा देणारी बाई कोरेगावकडची. दर सप्टेंबरात नवा घेवडा घेऊन यायची आणि मापावर मूठभर जास्त घालायची. बंदीनंतरच्या पहिल्या सप्टेंबरात अम्मानं तिच्याकडून पाच किलोऐवजी एकच किलो घेतला. बाईनं कारण विचारलं, अम्मानं सांगितलं. बाई पायरीवर बसली. म्हणाली, "आमच्याबी दावणीला म्हातारा बैल हाय. बाजारात नेला, कुणी घेतला न्हाई, परत चालवत आणला. वैरण त्यो खातुय आणि बाळंत म्हस बघत बसतीया." तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की आमच्या पातेल्यातला घेवडा आणि गोश्त एकाच रानातून येत होते. दोघी बराच वेळ बोलत बसल्या. जाताना बाईनं मूठभर जास्त घातलाच.

अम्मा २०१९ मध्ये गेली.

तर भाच्याला मी काय सांगितलं ते लिहिते, कुणाची पोरं परदेशात असतील त्यांना उपयोगी पडेल. डब्यातला घेऊ नकोस, तो आधीच शिजलेला, गोश्ताबरोबर तासभर ठेवलास तर लगदा होईल. लाल राजमा दिसायला देखणा, पण साल जाड. काळा रश्शाचा रंग घालवतो. क्रॅनबेरी घे, तो मिळाला नाही तर पिंटो. रात्री भिजव. तो म्हणाला, "फुफी, मेरे पास स्लो कुकर है, रातको सब डालके सो जाऊं?" अजिबात नाही! कच्च्या घेवड्यात, सगळ्यात जास्त लाल राजम्यात, एक विषारी द्रव्य असतं. ते मंद आचेवर मरत नाही, उलट वाढू शकतं, आणि चार-पाच कच्चे दाणेही उलट्या करायला पुरतात. किमान पाच तास भिजवून, ते पाणी ओतून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायचा, मगच पुढं. अम्माचं पित्त म्हणजे तेच असावं. टोमॅटो शेवटी घाल. आणि गोश्त कुठलं घेतोयस?

"बीफ, फुफी. हलालवाल्याकडून. खांद्याचं. दोन-अडीच तास लागतील म्हणाला."

मी जरा वेळ काही बोलले नाही. मग म्हटलं, तर मग तासाभरानं घेवडा घाल, दोघं बरोबर शिजतील. दादी असंच करायची.

"तू अब भी वैसाच करती?"

"नै रे. यहां अब मसूर."

त्यालाही कळलं. तो २०१५ मध्ये कॉलेजात होता, सगळं पाहिलेलं आहे. विषय बदलून चटणी किती चमचे घालू विचारायला लागला.

रविवारी रात्री फोटो आला. मोठं निळं पातेलं, वर तेलाचा लाल तवंग, त्यात पट्टे गेलेला तपकिरी घेवडा. खाली लिहिलं होतं, त्या टेक्सासवाल्यानं ही चिली नाही म्हणून सांगितलं आणि दोनदा वाढून घेतलं. मी विचारलं, घेवड्याची साल लागली का दाताला? म्हणाला, नाही.

ह्या वर्षीचा वाघ्या भावानं साताऱ्याहून पाठवलाय, दोन किलो. कडुलिंबाचा पाला घालून डब्यात ठेवलाय. नुसती उसळ करावी म्हणते, गोश्ताशिवाय. शुक्रवारी भिजत घालीन.